शेंगेचा शेर आणि संकेतस्थळाचे माप
छोट्या शेतीउद्योगाने वेबसाइटचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

बंगळुरूच्या बसवनगुडी भागात दरवर्षी कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. दोड्ड गणपती आणि महाकाय नंदीच्या मंदिरांसमोरील रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात. पूर्वी या परिसरात शेंगांचे मळे होते, एक बैल रात्री येऊन उभे पीक फस्त करीत असे, अखेर शेतकऱ्यांनी त्याचीच मूर्ती स्थापून पहिली शेंग त्याला वाहण्याचा नवस केला, अशी या जत्रेमागील आख्यायिका सांगतात. पीक खाणाऱ्यालाच दैवत मानून तडजोड करणारी ही कथा कीटकशास्त्राच्या विद्यार्थिनीला आवडावी, यात नवल नाही. या भागात राहायला आल्यापासून मी ही जत्रा सहसा चुकवत नाही.

काही वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील माझा मावसभाऊ परिषेच्या दिवशी माझ्याकडे आला होता. त्याची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे आणि पाच शेजाऱ्यांचा माल एकत्र करून खोक्यांत भरून विकण्याचा छोटा व्यवसायही आहे. दादाने शेंगा कशा घेतल्या ते मी पाहत होते. त्याने चार राशी पाहिल्या. प्रत्येकीतील दोन शेंगा फोडल्या, दाणा चावून ओल पाहिली, मूठभर शेंगा हातात तोलल्या. भाव ठरण्यापूर्वी विक्रेत्याला खुणेनेच विचारले, शेर सपाट भरणार की शिगोशीग? त्याला कन्नड येत नाही. पण मापाची भाषा दोघांनाही येत होती. पंधरा मिनिटांत दीडशे रुपयांचा व्यवहार चोख झाला.

त्याच दुपारी, माझ्या घरापासून दोन रस्ते पलीकडे असलेल्या एका कार्यालयात, याच माणसाने ८५,००० रुपयांच्या कामाच्या कागदावर सही केली. कागदावर कामाचे वर्णन एका ओळीचे होते: ‘ऑनलाइन विक्रीसह आकर्षक संकेतस्थळ’. किती पाने, कोणत्या भाषेत, कोणत्या सोयींसह, किती दिवसांत, यांपैकी काहीच तेथे नव्हते. ते कार्यालय मीच शोधून दिले होते. ‘तू बंगळुरात ऱ्हातीस, तुझ्या ओळखीनं कोणीतरी चांगलं बघून दे,’ असे दादा म्हणाला होता आणि मला या क्षेत्रातील काही कळत नाही, हे सांगण्याचा संकोच मला वाटला होता.

बाहेर पडल्यावर दादा जे म्हणाला ते आजही आठवते. ‘शेंग हातात घेतली की कळतंय. हे कुठं हातात घ्यायचं?’

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मध, गूळ, बेदाणा, हळद, रोपवाटिका, गांडूळखत, ट्रायकोकार्ड अशा उत्पादनांसाठी संकेतस्थळ करावे का, हा प्रश्न आज अनेक प्रगतिशील शेतकरी आणि उत्पादक गट विस्तार कार्यकर्त्यांना विचारतात. त्याचे तांत्रिक उत्तर जाणकार देतील. खर्चाचे उत्तर मात्र शेतीच्या व्यवहारज्ञानातूनच मिळू शकते.

खर्च कसा वाढला?

८५,००० रुपये ही रक्कम वस्तू व सेवा कर वगळून होती, हे आम्हाला पहिल्या बिलावरून कळले. संकेतस्थळ तयार करण्याच्या सेवेवर १८ टक्के कर लागतो. म्हणजे १५,३०० रुपये. दादाच्या व्यवसायाची नोंदणी नसल्याने त्याची वजावट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर एकेक गोष्ट निघत गेली. मराठी आवृत्ती मूळ कामात धरलेली नव्हती, तिचे १८,०००. पिनकोडनुसार कुरिअरचा आकार आपोआप लागावा, त्याचे २२,०००. बिल छापण्याची सोय, १२,०००. मालाची छायाचित्रे, १५,०००. या ६७,००० रुपयांवर पुन्हा १८ टक्के कर. एकूण खर्च १,७९,३६० रुपयांवर गेला आणि सुरुवातीला चार महिन्यांचे म्हणून सांगितलेले काम चौदा महिने चालले.

यात कोणी फसवणूक केली, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक मागणी नवी होती. आमच्या दृष्टीने ती सुरुवातीपासून गृहीत होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, कारण मापच ठरलेले नव्हते.

दादाने ती रक्कम शेडवरचा जुना कागद आणि जाळी बदलण्यासाठी ठेवली होती. ‘एक वर्ष निघंल,’ असे म्हणून त्याने ती संकेतस्थळाकडे वळवली. त्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला आणि फाटक्या कागदातून दोन रॅकवरचा माल भिजून काळा पडला. त्याने मला कधी बोल लावला नाही. तरीही खर्चाचा विचार करताना मला ते दोन रॅक प्रथम आठवतात. छोट्या व्यवसायात पैसा कुठून तरी काढून कुठेतरी घातला जातो. ज्या ठिकाणाहून तो काढला, त्या ठिकाणची किंमतही संकेतस्थळाच्याच खात्यावर मांडावी लागते.

आधी आर्थिक नुकसानीची पातळी

आमच्या शास्त्रात एक मूलभूत संकल्पना आहे. १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हान डेन बॉश आणि हेगन या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ती मांडली आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया घातला गेला. कीड दिसली म्हणून लगेच फवारणी करायची नाही. किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाएवढे होण्याच्या सुमारास उपाय करायचा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाय करावा, अशी शिफारस आपण शेतकऱ्यांना करतो, ती याच विचारातून.

संकेतस्थळालाही अशी पातळी असते. ‘सगळ्यांचे आहे’ हे कारण म्हणजे शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारण्यासारखे आहे. कागदावर साधा हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, दोन किलो बेदाण्याच्या एका खोक्याची थेट विक्रीची किंमत ९०० रुपये धरू. तोच माल व्यापाऱ्याला दिला असता ५६० रुपये मिळाले असते. खोके आणि भरणी ६० रुपये, कुरिअर १३० रुपये. ग्राहकाने ऑनलाइन पैसे भरले आणि सेवेचा आकार २ टक्के असला, तर त्यावरील करासह सुमारे २१ रुपये. फुटलेल्या किंवा परत आलेल्या पार्सलांपोटी ९ रुपये. उरतात १२० रुपये. हाच संकेतस्थळाने मिळवून दिलेला खरा जादा पैसा, ९०० नव्हे.

आता संकेतस्थळ उभारणीला ६०,००० आणि दरवर्षी देखभालीला १२,००० रुपये लागत असतील, तर तीन वर्षांचा खर्च ९६,००० होतो. तो भरून निघण्यास ८०० खोकी, म्हणजे वर्षाला सुमारे २६७ खोकी, संकेतस्थळावरून विकली गेली पाहिजेत. आमच्या पहिल्या प्रयत्नाला हाच हिशेब लावला असता तीन वर्षांत जवळपास १,८०० खोकी लागली असती. हा आकडा सही करण्यापूर्वी समोर असता, तर दादाने पेन खाली ठेवले असते.

पातळी गाठलेली नसेल, तर सौम्य उपाय आधी करावेत. कीड व्यवस्थापनात आपण मशागत, सापळे, मित्रकीटक या क्रमाने जातो आणि रासायनिक फवारणी शेवटी ठेवतो. येथेही व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरील मालाची यादी आणि गुगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद या दोन गोष्टी विनामूल्य करता येतात. ओएनडीसी या खुल्या व्यापार-जाळ्याची २०२२ मध्ये बंगळुरूसह काही शहरांत चाचणी सुरू झाली. आता त्यावर शेतकरी उत्पादक कंपन्याही माल विकतात. एक हंगाम या मार्गांनी विक्री करून पाहावी. किती लोक विचारतात, कोणत्या गावांतून विचारतात, कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, याची वही ठेवावी. ही वही म्हणजे आपला सापळा. पुढे संकेतस्थळ केलेच, तर त्यावर काय असावे हे तीच सांगते.

पैसा कशाकशावर जातो?

शेड उभारताना आपण जागा, बांधकाम, वीज आणि दुरुस्ती वेगळी धरतो. संकेतस्थळाचेही तसेच भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाची रक्कम स्वतंत्र मागावी.

• नाव, म्हणजे डोमेन. हे विकत मिळत नाही. मुदतीने भाड्याने मिळते. ‘.इन’ या भारतीय नामावलीचे व्यवस्थापन ‘निक्सी’ ही संस्था करते. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हेही उपलब्ध आहे. साध्या नावाचा वार्षिक खर्च बहुधा काही शे ते हजार-दीड हजार रुपये असतो. पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी चढा दर ही नेहमीची पद्धत आहे. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.

• जागा, म्हणजे होस्टिंग. छोट्या व्यवसायाला सामायिक जागा पुरते. मोठी जागा घेणे म्हणजे दोन शेळ्यांसाठी वीस म्हशींचा गोठा बांधणे.

• सुरक्षा प्रमाणपत्र. पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलपाचे चिन्ह किंवा ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे दिसतात ती यामुळे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा २०१५ पासून ते विनामूल्य देते. यासाठी मोठी रक्कम लावलेली असल्यास कारण विचारावे.

• बांधणी. २००३ मध्ये सुरू झालेली ‘वर्डप्रेस’ ही मुक्त प्रणाली विनामूल्य आहे. तिच्यावर काम करणारे कारागीर गावोगाव मिळतात; पहिला सोडून गेला तरी दुसरा ते काम उचलू शकतो. एखाद्याच संस्थेने स्वतःपुरती घडवलेली प्रणाली घेतल्यास आपण तिच्याशी बांधले जातो.

• मजकूर आणि छायाचित्रे. हा भाग बहुतेक वेळा कोणाच्याच हिशेबात नसतो आणि सर्वांत जास्त उशीर याच्यामुळेच होतो. मजकूर स्वतः लिहावा. आपल्या बागेची माहिती आपल्याइतकी चांगली कोणी देऊ शकत नाही.

• पैसे स्वीकारण्याची सोय. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला सवलत-दर आकारला जात नाही. तरीही मधली सेवा पुरवणाऱ्या संस्थांचे स्वतःचे शुल्क असू शकते. ते वेगळे विचारावे.

• देखभाल. संकेतस्थळाच्या आज्ञावल्या वेळच्या वेळी अद्ययावत केल्या नाहीत, तर त्यांतील फटींतून घुसखोरी होते. साठवणुकीच्या धान्यासारखेच आहे हे: एकदा धुरी दिली म्हणून कोठाराकडे वर्षभर पाहिलेच नाही, तर भुंगेरे परततातच.

मापाचा कागद

दर मागण्यापूर्वी कामाचा एक मसुदा आपणच लिहावा. दोन पाने पुरतात आणि तांत्रिक शब्द मुळीच लागत नाहीत. कोण येणार, येऊन काय करणार आणि आपल्याला काय मिळणार, एवढेच लिहावे. ‘पुण्यातील ग्राहकाने मोबाइलवर मराठीत भाव पाहावा, दोन खोकी निवडावीत, यूपीआयने पैसे भरावेत आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा पत्ता यावा’, हे वाक्य ‘ऑनलाइन विक्रीसह आकर्षक संकेतस्थळ’ या ओळीपेक्षा शंभरपट मोलाचे आहे. पहिले वाक्य मोजता येते.

नंतर सर्व अपेक्षांचे तीन गट करावेत: पहिल्याच दिवशी हवे, एका हंगामानंतर चालेल आणि नसले तरी हरकत नाही. आमच्या पहिल्या यादीतील पिनकोडनुसार कुरिअरची २२,००० रुपयांची सोय तिसऱ्या गटात गेली असती. महाराष्ट्रभर एकच सरासरी आकार ठेवून ते काम विनाखर्च भागले असते.

हाच मसुदा किमान तीन ठिकाणी द्यावा. एकाच मापाने मागितलेले दरच एकमेकांशी ताडता येतात. दरासोबत दोन वर्षांपूर्वी केलेल्या दोन संकेतस्थळांचे पत्ते मागावेत आणि त्यांच्या मालकांना स्वतः फोन करावा. आंब्याचे कलम घेताना आपण रोपवाटिकेचा फलक पाहून भुलत नाही. तिच्याकडून नेलेली झाडे कोणाच्या बागेत कशी फळली, हे विचारतो.

मोबदल्याच्या दोन पद्धती आहेत: उक्ते आणि रोजंदारी. उक्त्या कामात रक्कम ठरते. पण मापाबाहेरच्या प्रत्येक गोष्टीवर वाद होतो. तासावर दिलेल्या कामात वाद कमी होतात. मात्र पैशाला बांध राहत नाही. शेतात आपण खुरपणी उक्ती देतो आणि छाटणी रोजाने, कारण छाटणीत घाई परवडत नाही. तसेच येथेही करावे. मसुद्यातील काम उक्ते द्यावे. नंतरच्या दुरुस्त्या तासाच्या दराने, परंतु महिन्याची कमाल मर्यादा लिहून. काम चालू असताना नवी कल्पना सुचली, तर तिची रक्कम आणि लागणारे दिवस लेखी आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. फोनवरचे ‘करून टाका’ हे खर्च वाढण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. ते बहुधा आपल्याच तोंडून निघते. एकूण रकमेच्या १५ ते २० टक्के इतकी राखीव रक्कम वेगळी ठेवावी आणि ती आहे हे कोणाला सांगू नये.

अंडी काळी झाल्यावरच हप्ता

ट्रायकोग्रामाचे कार्ड प्रयोगशाळेतून घेताना त्यावरील तांदळाच्या पतंगाची अंडी काळी झाली आहेत का, हे पाहावे, असे आम्ही शेतकऱ्यांना शिकवतो. परजीवीकरण झालेले अंडे साधारण तीन-चार दिवसांत काळे पडते. पांढुरके अंडे असलेले कार्ड दिसायला नीटनेटके असले, तरी त्यातून मित्रकीटक बाहेर येणार नाही.

हप्त्यांना हाच नियम लावावा. तारखेवर हप्ता देऊ नये. डोळ्यांनी पाहिलेल्या कामावर द्यावा. सुरुवातीला २० ते २५ टक्के, पानांची रचना पाहून मान्य केल्यावर दुसरा हप्ता, आपल्या मोबाइलवरून खरी मागणी नोंदवून आणि खरा एक रुपया भरून पाहिल्यावर तिसरा, आणि संकेतस्थळ सुरू होऊन तीस दिवस नीट चालल्यावर शेवटचा. ही चाचणी स्वतः करावीच. शिवाय घरातील ज्या व्यक्तीला मोबाइल फारसा जमत नाही तिच्याकडून करवून घ्यावी. माझ्या मावशीने पाच मिनिटांत तीन दोष दाखवले होते.

सातबारा कोणाच्या नावावर?

आमची सर्वांत महागडी चूक पैशांत नोंदलेली नाही. डोमेन त्या संस्थेच्या नावावर घेतले गेले होते. काम पाहणारा कर्मचारी सोडून गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर गेली आणि ऐन दिवाळीच्या मागणीत संकेतस्थळ बंद पडले. खोक्यांवर छापलेला पत्ता उघडत नव्हता. जमीन आपण कसतो, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ती अवस्था होती.

म्हणून डोमेन आणि होस्टिंगची खाती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेल व मोबाइल क्रमांकावर उघडावीत, पैसे स्वतःच्या खात्यातून भरावेत आणि कारागिराला फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. सर्व परवलीचे शब्द एका वहीत लिहून ती वही बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवावी.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. कलम १७ प्रमाणे तिचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे होते, परंतु बाहेरच्या कारागिराने मोबदला घेऊन केलेली आज्ञावली केवळ पैसे दिल्याने आपली होत नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर हस्तांतरण भारतापुरते समजले जाते. म्हणून करारात एक वाक्य घालावे: ‘पूर्ण मोबदला मिळाल्यावर या कामातील सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे हस्तांतरित होतील.’ मुक्त प्रणालीचा मूळ भाग यात येत नाही. आपल्यासाठी खास केलेली रचना, मजकूर आणि आज्ञावली येतात. रक्कम मोठी असल्यास करार वकिलाला दाखवावा.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी आणखी एक खर्च गृहीत धरावा. अन्न सुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक आणि वेष्टित मालाच्या नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता ही माहिती संकेतस्थळावरही द्यावी लागते. ती मसुद्यातच लिहिली, तर नंतर ‘बदल’ म्हणून तिचे पैसे मोजावे लागत नाहीत.

दुसरा प्रयत्न

एक हंगाम दादाने फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर विक्री केली आणि वही ठेवली. वहीने दोन गोष्टी सांगितल्या. बहुतेक ग्राहक एकदा विश्वास बसला की फोनवरच मागणी देतात. संकेतस्थळ त्यांना खात्रीपुरते हवे असते. आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न गंधकाच्या वापराबद्दल होता.

त्यावरून आम्ही दोन पानांचा मसुदा लिहिला. सहा पाने, मराठी आणि इंग्रजी, खोक्यांचे तीन प्रकार, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅपचे बटण आणि माल कसा वाळवतो व त्यात काय वापरतो याचे एक स्वतंत्र पान. तीन दर आले. आम्ही मधला स्वीकारला: सांगलीतील एका तरुण कारागिराचे ४२,००० रुपये, तीन हप्त्यांत. बदल एकच झाला, लेखी, ३,५०० रुपयांचा. काम अकरा आठवड्यांत संपले. वार्षिक खर्च ९,५०० रुपये. तीन वर्षांचे एकूण ७४,०००. म्हणजे वर्षाला सुमारे २०६ खोक्यांची पातळी.

पहिल्या वर्षी संकेतस्थळावरून १९० खोकी गेली. पातळीपेक्षा सोळा कमी. मात्र गंधकाविषयीचे पान वाचून एका बेकरीने फोन केला आणि तिची मागणी वहीत वेगळ्या पानावर आहे. ती धरली, तर पातळी ओलांडली जाते; न धरता पाहिले, तर नाही. दादा ती धरत नाही. ‘बेकरीवाला कवा बी सुटंल,’ असे तो म्हणतो. शेडवर नवा कागद मात्र त्याने संकेतस्थळाचा पहिला हप्ता देण्यापूर्वी टाकला.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे कोणी संकेतस्थळाविषयी विचारायला आले, तर तांत्रिक ज्ञान नाही म्हणून मागे सरू नका आणि माझ्यासारखे ओळखीने कोणाकडे धाडूनही देऊ नका. पाच प्रश्न विचारा. एका खोक्यामागे खरे किती उरतात? खर्च भरून निघायला किती खोकी लागतील? कामाचा मसुदा कोणी लिहिला? हप्ता काय पाहून देणार? नाव कोणाच्या नावावर आहे? यांची उत्तरे मिळेपर्यंत सही थांबवता येते.

गेल्या परिषेला दादा पुन्हा आला होता. शेंगा घेताना त्याने नेहमीप्रमाणे चार राशी पाहिल्या, दाणा चावला आणि विक्रेत्याला तीच खूण केली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘त्या कार्यालयातबी आधी शेर मागायला पायजे होता बघ.’